अभिनंदनाचा फेरा

दहा वीसला पहिली घंटी वाजली आणि सव्वाअकरापर्यंत माझ्या बाबांचं चौदा वेळा अभिनंदन झालं होतं. त्यातली सात माझ्या लेकीच्या, फेनाच्या, दुसऱ्या वाढदिवसाची, ती ठीक. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन अख्ख्या घराचं होतं. आलेला माणूस कोट अडकवतो आणि खुर्च्यांच्या गोलाला डावीकडून सुरुवात करून प्रत्येकाचा हात हातात घेत पुढे सरकतो. लेकीबद्दल अभिनंदन. नातीबद्दल अभिनंदन. भाचीच्या लेकीबद्दल अभिनंदन. शेजारणीलासुद्धा कुणी सोडत नाही, तिचं शेजारच्या पोरीबद्दल. उरलेली सात अभिनंदनं मात्र मी न केलेल्या गोष्टीची होती.

हा ग्रीत आत्याचा प्रताप. ग्रीत आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. साडेदहाला बोलावलं की ती दहा वीसला दारात उभी असते आणि वर म्हणते, "अजून कॉफी नाही झाली?" आज दार माझ्या नवऱ्याने, हार्मने उघडलं. आत्याने कोट त्याच्या हातात देता देता माझ्याबद्दल विचारलं, "काय रे, योरीन डेल्फ्टला शिकायला जाणार म्हणे पुन्हा?"

"हो," हार्म म्हणाला.

एवढंच. एवढ्यावर आत्या सरळ बाबांकडे गेली, त्यांचा पंजा दोन्ही हातांत धरला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अभिनंदन, लेंडर्ट! आली शेवटी पोरगी तुझ्या वाटेवर. ड्रेजरवर!"

कुठली शाखा, हे तिने विचारलं नाही. आमच्या स्लीद्रेख्तमध्ये ते कुणी विचारत नाही. ज्या गावात दर दुसऱ्या घरातला एक माणूस जगाच्या कुठल्यातरी बंदरात ड्रेजरच्या जहाजावरून तळाचा गाळ उपसत असतो, जिथे लोक मूल झालं की आधी विचारतात मुलगा का आणि मग विचारतात कुठल्या जहाजावर, तिथे ड्रेजरवरच्या पंपवाल्याची मुलगी इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला डेल्फ्टच्या विद्यापीठात जाते म्हणजे कशाला जाते, हे काय विचारायचं? मासा तलावाकडे निघाला तर त्याला कुणी विचारतं का, कशासाठी?

मी तेव्हा स्वयंपाकघरात द्राक्षं चिरत होते. उभी, चार तुकडे. अख्खं द्राक्ष दोन वर्षांच्या मुलाच्या घशात बूच बसल्यासारखं बसतं, हे मी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून या घरात अख्खं द्राक्ष आलेलं नाही. मी बशी घेऊन बाहेर आले तोवर योप काका, म्हणजे ग्रीत आत्याचा नवरा, आणि समोरच्या घरातलं जोडपं, आणि हार्मचा ऑफिसातला मित्र, सगळे फेऱ्यात मिळाले होते. येणारा प्रत्येक जण बाबांपाशी थांबून दोनदा हात हलवत होता, एकदा नातीसाठी, एकदा लेकीसाठी. आणि बाबा प्रत्येक वेळी खुर्चीतून उठत होते. माझे बाबा वाढदिवसाला उठत नाहीत. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, केक खातात, आणि साडेबाराला "चला" म्हणतात. आज त्यांची मान लाल झाली होती. माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा मी ती मान अशी पाहिली नव्हती.

आता खरी गोष्ट. वरच्या खोलीत माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात प्रवेशाचा अर्ज होता. तीन आठवडे भरून तयार. एकच रकाना रिकामा. माझी पदवी हॉखस्कूलची, म्हणजे विद्यापीठाची नव्हे, व्यावसायिक महाविद्यालयाची, त्यामुळे मास्टर्सच्या आधी एक वर्ष पूरक विषय करावे लागतात, आणि ते विषय शाखेप्रमाणे वेगळे. म्हणून एकच शाखा निवडायची, मागाहून बदल नाही. पडद्यावर टिचकी मारायचे दोन गोळे. एक गोळा बंदरं, बंधारे आणि ड्रेजिंगचा. दुसरा गोळा सांडपाण्याचा. मुदत आज संध्याकाळी पाच.

सोळा वर्षांची होते तेव्हा मी बाबांबरोबर गोदीत उभी राहून सांगितलं होतं, मीही येणार. ते तेव्हा चार महिन्यांनी घरी आले होते. माझा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले होते. मग मी मोठी झाले, पदवी घेतली, नगरपालिकेत लागले, फेना झाली. आणि आता सांडपाण्याच्या गोळ्यावर बोट नेलं की वाटायचं, हे बोट माझं नाही, माझ्या भीतीचं आहे. सांडपाणी म्हणजे घराजवळ नोकरी, पाळणाघरातून फोन आला तर वीस मिनिटांत पोचता येईल. आणि ड्रेजिंगवर बोट नेलं की वाटायचं, हे बाबांचं बोट आहे. दोन्हीकडे मी कुठे आहे ते सापडत नव्हतं. मी विद्यापीठातल्या सल्लागाराला विचारलं, त्याने मला दोन माहितीपत्रकं दिली. हार्मला विचारलं, तो म्हणाला, "तुला हवं ते कर, शुक्रवारी मी घरी असतोच." मी विचारलं काय आणि हा सांगतो काय. मला शाखा निवडायची होती, शुक्रवार नाही.

मी हार्मला बाहीला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"तू का सांगितलं नाहीस तिला?"

"तिने विचारलं डेल्फ्ट का. मी म्हटलं हो."

"आणि मग?"

"मग ती पुढे गेली. तिला थांबवणार कोण? मी?"

"जा आणि सांग आता."

"काय सांगू?" हार्मने केकचे तुकडे बशांत ठेवता ठेवता विचारलं. तो घाईत कधीच नसतो, आणि त्याचाच मला राग येतो. "सांगू की तिने सांडपाणी घेतलंय? तू घेतलंयस का? मला शपथेवर सांग, योरीन, घेतलंयस? मग मीही शपथेवर सांगतो त्यांना."

खरं बोलणाऱ्या नवऱ्यासारखा डोक्याला ताप नाही.

तेवढ्यात आई कॉफीचं भांडं भरायला आली. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "ग्रीत चुकलीय ना?"

"हो."

"वाटलंच मला."

"मग बोलली का नाहीस, आई?"

आईने फिल्टरमध्ये कॉफी मोजली, पाच चमचे आणि एक वरून. "तुझ्या बाबांना निवृत्त झाल्यापासून कुणी कशाबद्दल अभिनंदन म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, दहा मिनिटं राहू दे त्यांच्याकडे."

मी केकच्या बशा उचलल्या आणि बाहेर आले.

गोलात एव्हाना अकरा माणसं झाली होती. मधोमध आमचं बुटकं टेबल. त्यावर चीजचे चौकोनी तुकडे, प्रत्येकात टोकदार काडी खोचलेली, लिव्हर सॉसेज, मोहरीची वाटी, आणि दहा कप गरम कॉफी, सगळं बरोब्बर फेनाच्या हनुवटीच्या उंचीवर. आमच्या माणसांनी समुद्राला भिंत घातली, पण कॉफीचं टेबल वीतभर उंच करायचं कुणाला सुचलं नाही. मी काड्या मोजल्या. बावीस. फेना पुठ्ठ्याचा मुकुट घालून गोलातून फिरत होती आणि माझे डोळे तिच्यामागे.

"बस की जरा," ग्रीत आत्या म्हणाली. "घार कशी बघतेय बघा. पोर पळून नाही जात."

"काड्या आहेत, आत्या."

"काड्यांवरच वाढलो आम्ही. बरं, मला सांग, आठवड्याचे किती दिवस कॉलेज?"

"चार. कधी पाच."

"चार दिवस पाळणाघर!" आत्याने हात छातीवर ठेवला. "बिचारी पोर."

"तीन दिवस. शुक्रवारी हार्म असतो, सोमवारी आई नेते."

"म्हणजे तुझ्या आईलाही कामाला लावलंस. हे बघ, मी खरं ते बोलते. राग यायचा तर येऊ दे, मला गोडगोड बोलता येत नाही. बाईने तीन दिवसांच्या वर जाऊ नये. पोरांना ते कळतं."

"बाबा चार-चार महिने जायचे तेव्हा नाही वाटलं पोरांना कळतं ते?"

"तो कामाला जायचा."

"आणि मी काय सहलीला चाललेय?"

योप काकाने मोहरीत चीज बुडवलं. "अगं, चार दिवसांचं काय घेऊन बसलात? जहाजावर जाईल तेव्हा बघा. सिंगापूर, दुबई. येताना पोरीला बाहुली आणेल, लेंडर्ट आणायचा तशी. मापाचा फ्रॉक मात्र आणू नकोस हं, योरीन. तुझा बाप दर वेळी गेल्या वर्षीच्या मापाचा आणायचा."

सगळे हसले. बाबाही हसले. मग ते पुढे वाकून म्हणाले, "हल्ली तसं नसतं. हल्ली सहा आठवडे तिकडे, सहा आठवडे घरी. बायकांना वेगळी केबिन. ती चौकशी केलीय मी."

एवढं लांब वाक्य बाबा वाढदिवसाला कधी बोलत नाहीत. चौकशी केलीय मी. कधी केली? आत्ता, केक खाताना? म्हणजे गेले कित्येक दिवस हा माणूस मनात धरून बसला होता, आणि मला एक शब्द विचारला नव्हता. मीही त्यांना सांगितला नव्हता. दोन महिने आई आणि हार्म सोडून मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, म्हटलं ठरल्यावर सांगू. आईच्या तोंडून डेल्फ्ट तेवढं बाहेर पडलं असणार.

पुन्हा घंटी. पलीकडच्या गल्लीतल्या बाई. कोट, डावीकडून सुरुवात, नातीबद्दल अभिनंदन. ग्रीत आत्याने बसल्या जागेवरून जोड दिली, "आणि ड्रेजरबद्दलही!" बाई परत मागे गेल्या आणि बाबांशी दुसऱ्यांदा हात मिळवला. बाबा पुन्हा उठले. ड्रेजरचं हे आठवं.

मी स्वतःला बजावलं, बोल आता. मग बजावलं, केकनंतर. मग म्हटलं, कशाला बोलायचं? कदाचित आत्याच बरोबर असेल. अकरा माणसं म्हणतायत तर जाऊ ड्रेजरला. निदान कुणीतरी ठरवलं तरी. तीन आठवडे मला जमलं नाही ते ग्रीत आत्याने कोट अडकवायच्या आत केलं. खरंच सांगते, त्या क्षणी मी ते करणार होते. वर जाऊन पहिल्या गोळ्यावर टिचकी मारून खाली यायचं आणि दुसरा केक कापायचा.

तेवढ्यात योप काकाने बाबांना हाक मारली. "लेंडर्ट, तू गाळाचा माणूस, तुला विचारतो. आमच्या घरामागचा चर माहितीय ना? गेल्या उन्हाळ्यापासून मोठी सर आली की दोन दिवस असा वास सुटतो की बागेत बसायची सोय नाही. काळं पाणी. मासे उताणे. परवा बदक मेलं. नगरपालिका म्हणते, कळवल्याबद्दल आभारी आहोत."

"गाळ साचलाय," बाबा म्हणाले. "उपसायला हवा. अर्ध्या दिवसाचं काम."

"उपसून काही होणार नाही," मी म्हटलं.

मला म्हणायचंच नव्हतं. पण चूक ऐकवली नाही.

"का?" योप काकाने विचारलं.

"कारण पुढच्या सरीला परत भरेल. तुमची गल्ली जुनी आहे, काका. जुन्या भागात पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच नळातून जातं. एरवी चालून जातं. मोठी सर आली की नळ तोंडापर्यंत भरतो. मग ते घराघरांत उलटं येऊ नये म्हणून नळाला आत एक उंबरा ठेवलेला असतो. पाणी उंबऱ्यावर चढलं की ओलांडून बाहेर."

"बाहेर कुठे?"

"तुमच्या चरात."

योप काकाने हातातली चीजची काडी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या बदकांच्या पाण्यात ग्रीतचं—"

"योप!" आत्या ओरडली.

"सगळ्या गल्लीचं," मी म्हटलं. "पण मासे त्याने मरत नाहीत. ते घाण खायला पाण्यात जंतू येतात. जंतूंना हवा लागते. ती ते पाण्यातूनच ओढून घेतात, आणि मग माशांना काही उरत नाही. सगळी हवा संपली की दुसरे जंतू येतात, हवेशिवाय जगणारे, त्यांचा तो वास. नासक्या अंड्यासारखा ना?"

"अगदी," काका म्हणाले.

"गंमत म्हणजे शुद्धीकरण प्रकल्पात हेच करतात. तीच घाण, तेच जंतू, फक्त हवा आपण पुरवायची. खालून, बुडबुड्यांनी." मी टेबलावरचे कप सरकवले. दुधाचं भांडं टाकी झालं, साखरेचं भांडं दुसरी टाकी. "इथे ते खातात. मग इथे त्यांना निवांत बसू द्यायचं. ते एकमेकांना चिकटून तळाला बसतात, वर स्वच्छ पाणी. मी एकदा गेले होते नगरपालिकेच्या कामासाठी, फेनाच्या वेळी सातवा महिना चालू होता. तिथल्या माणसाने मला सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब दाखवला. त्यात देठावर उभ्या घंटा होत्या. जिवंत! इवल्या इवल्या घंटा, धक्का लागला की देठाची स्प्रिंग होऊन आत ओढल्या जायच्या आणि हळूच परत उघडायच्या. तो म्हणाला, या दिसल्या की समजायचं गाळ खुशीत आहे. त्या दिसेनाशा झाल्या की यंत्राने काही दाखवायच्या आधी त्याला कळतं की कारखान्यातून कुणीतरी काहीतरी सोडलंय. नाडी बघितल्यासारखं."

काका विचारत गेले आणि मी सांगत गेले. उंबरा किती उंच ठेवायचा. वेगळा नळ टाकायचा तर रस्ता किती दिवस खोदावा लागेल. छपराचं पाणी नळात न सोडता बागेत मुरवलं तर काय होईल. हार्मच्या मित्रानेही दोन प्रश्न विचारले. किती वेळ गेला कोण जाणे. साखरेच्या टाकीतून दुधाच्या टाकीकडे गाळ परत कसा नेतात ते दाखवण्यासाठी मी चमचा उचलला, आणि माझं लक्ष टेबलावर गेलं. काड्या विखुरलेल्या होत्या. मोहरीची वाटी नव्हती.

मी उभी राहिले. फेना हार्मच्या मांडीवर बसली होती, कपाळापासून मुकुटापर्यंत मोहरी माखलेली, आणि वाटी पालथी घालून तिच्यावर चापट्या मारत होती. ठणठणीत. हार्मने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

मी मान वळवलीच नव्हती. पाव तास. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. मी झोपेतही त्या पोरीचा श्वास मोजते, आणि आज गरम कॉफी आणि टोकदार काड्यांच्या गराड्यात मी तिला विसरले होते. आधी घाम फुटला. आणि मग, मोहरी पुसता पुसता, लक्षात आलं. मी भीतीला घेऊन तीन आठवडे बसले होते आणि शोधत होते की ही कुठल्या गोळ्याच्या मागे लपलीय. त्या पाव तासात भीती खोलीत नव्हतीच.

"एवढं सगळं कळतं तुला, तर जरा त्या ड्रेजरवाल्यांना शिकव," ग्रीत आत्या म्हणाली.

"ड्रेजर नाहीये, आत्या."

"काय नाहीये?"

"मी ड्रेजिंग घेत नाहीये. मी सांडपाणी घेतेय. डेल्फ्टलाच, पण सांडपाणी."

अकराही कप बशीवर टेकले. असा आवाज एकदम आला की फेनानेसुद्धा वर पाहिलं.

"संडासाचं?" आत्या म्हणाली.

"संडासाचं."

"लेंडर्टची मुलगी, पदवी घेऊन, डेल्फ्टला जाऊन संडासाचं शिकणार? मग हे आम्ही मघापासून ड्रेजर ड्रेजर म्हणतोय ते?"

"तो तुम्हीच बांधलात. इथे, खुर्च्यांत बसून. मला कुणी एकाने तरी विचारलं का कुठली शाखा? किती दिवस ते सगळ्यांनी विचारलं. पोरीला कोण बघणार ते चार जणांनी विचारलं. पोर कुठे राहील याची पंचाईत, मी काय शिकेन याची नाही!" माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला इच्छा नव्हती.

"मग लेंडर्टचं अभिनंदन केलं त्याचं काय?"

"परत घे, ग्रीत," योप काका म्हणाले. "अजून ताजं आहे."

कुणी हसलं नाही. बाबा उठले. कुणाचा हात हातात न घेता गोलाच्या मागून, खुर्च्यांना वळसा घालत, स्वयंपाकघरात गेले. दार लागलं. आई जागची हलली नाही. तिने फक्त मला मान हलवून सांगितलं, तू जा.

मी आधी वर गेले आणि लॅपटॉप उचलून आणला. वाटलं, हात रिकामे घेऊन गेले तर माफी मागेन, आणि माफी मागितली तर संपलं. बाबा ओट्याला टेकून उभे होते. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, अर्ज उघडा.

"ही शाखा घाबरून घेतेस का?" त्यांनी विचारलं. आमच्या घरात आडवळण नाही. आडवळण यायला बोलणं असावं लागतं. "पोरीपायी? मी नसायचो म्हणून?"

"तेच मला तीन आठवडे कळत नव्हतं."

"आणि आता?"

"आता नाही वाटत." मग मला खोटं बोलवेना. "थोडं असेल. पण शाखेत नाही."

त्यांनी मान हलवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर आमची दहा पावलांची बाग, त्यात फेनाची तीनचाकी. "मला तुम्ही सांगितलं असतंत," मी म्हटलं, "केबिनची चौकशी केलीत ते."

"तू सांगितलं असतंस," ते म्हणाले.

झालं. दोघांचं बरोबर होतं आणि कुणालाच त्याचा उपयोग नव्हता. दाराआडून ग्रीत आत्याचा आवाज येत होता, ती हार्मला सांगत होती की वास कपड्यांना लागतो, धुऊन जात नाही, तिच्या ओळखीत एक होता.

"किती घट्ट असतो?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"तुमचा तो गाळ. शंभर भागांत सुका किती?"

"टाकीच्या तळाचा? तीन. चांगला बसला तर चार."

"तीन!" बाबा ओट्यापासून सुटून उभे राहिले. संडासापेक्षा हा धक्का मोठा होता. "तीन टक्के? हे पाणीच झालं की! माझ्या नळात तीन टक्के आलं असतं तर कप्तानाने मला पोहत घरी धाडलं असतं. आम्ही वीसच्या खाली पंप चालू ठेवायचो नाही. पंचवीस, तीस. आणि तुम्ही शिकले-सवरलेले लोक तीन टक्क्यांवर नळ फिरवताय?"

"तुमचा गाळ मेलेला असतो, बाबा. वाळू. आमचा जिवंत असतो. त्याला परत पहिल्या टाकीत न्यायचा असतो, कामाला."

"मग फिरवा कमी. घट्ट करून फिरवा."

"घट्ट केला तर तळाशी सडतो. वर तरंगून येतो. मी वाचलंय त्याच्यावर."

"वाचलंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. फेनाला आलेलं एक वाढदिवसाचं कार्ड पालथं करून त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टाकीचा उभा छेद काढला, तळाला निमुळता, आणि त्यावर पेन्सिल आपटली. "उतार किती ठेवता इथे?"

"ते मला अजून माहीत नाही. ते शिकायलाच जातेय."

"आणि बसायला वेळ किती देता?"

"तीन तास. चार."

"चार तास! अरे देवा. म्हणूनच."

मी सांडपाण्याच्या गोळ्यावर टिचकी मारली. पडद्यावर प्रश्न आला, मागाहून बदल करता येणार नाही, पाठवायचं? मी 'होय' दाबलं. बाबांनी पाहिलं, आणि पेन्सिल थांबवली नाही. टाकीच्या बाजूला त्यांनी एक बाण काढला होता आणि तो साफ उलट्या दिशेला होता.

"म्हणूनच काय, बाबा?" मी जोरात म्हटलं, कारण आता मला खरंच राग आला होता. "द्या ती पेन्सिल इकडे."